उपकारस्तुतीची घाई

मी अंगणवाडी सेविका. गावातल्या आयांना डोस चुकवू नका म्हणून दटावणं हे माझं कामच. कुणी तापलेल्या पोराला देवऋषाकडे नेलं की माझा पारा चढायचा. त्यामुळे मी पुढे जे केलं ते अडाणीपणातून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. येडगाव धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. नवरा टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवायचा, स्वतःची पिकअप होती. मुलगी एकच, नऊ वर्षांची, आणि तिला फिट यायच्या. पहिली आली तेव्हा शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरीला कुणीतरी चप्पल आणली. तिसरीनंतर आम्ही तिला नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ गोळी लिहून दिली आणि बजावलं, की एकही दिवस चुकवायची नाही, आणि हिला पाण्यात उतरू द्यायचं नाही. मी मान डोलावली. गावातल्या आयांशी मी अगदी याच सुरात बोलायचे.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. लोक चांगले होते, पण पोरगी आजारी पडल्यावर कुजबुज व्हायचीच. एकदा पाण्यावर धुणं धुताना शेजारीण हसत म्हणाली, "तुमचा देव काय करतोय मंग?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी उपास धरले, चर्चच्या मंडळीतल्या बायका घरी येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेल्या. गोळ्याही चालू होत्याच. आणि फिट थांबल्या. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले.

प्रार्थना ऐकली गेली की आमच्यात उपकारस्तुती करतात. मंडळीला घरी जेवायला बोलवायचं, गायनं म्हणायची, आणि घरातल्या कुणीतरी उठून देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची. पाळकसाहेब म्हणाले, थोडं थांबू या, औषध पुरं होऊ द्या. त्यांनी हे दोनदा सुचवलं. मला वाटलं, यांचाच विश्वास कमी पडतोय. मी ऐकते कुणाचं! अंगणात मांडव घातला, साठ माणसांचा स्वयंपाक स्वतः रांधला. गावातल्या बायकांनाही बोलावलं, त्या शेजारणीला सगळ्यात आधी. आणि उभी राहून ठासून सांगितलं, की प्रभूने माझी लेक पूर्ण बरी केली. गोळ्यांचं नावसुद्धा मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांचा डबा उघडला आणि हात थांबला. काल सगळ्यांसमोर पूर्ण बरी म्हणालीस, मग ही कशाला? गोळी दिली तर आपण देवालाच खोटं पाडतोय, असं मला वाटलं. खरं तर मी स्वतः खोटी पडायला भीत होते. डबा पिठाच्या पिंपामागे सरकवला. नवऱ्याला सांगितलं नाही. लेकीने विचारलं तर म्हटलं, तू बरी झालीस ना, आता नको. ती बरं म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

पुढचे तीन आठवडे माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिच्या हातून पेला पडला तरी मी हातातलं टाकून धावायचे. जेवताना ती जरा गप्प झाली की मी उगाच काहीतरी विचारायचे, तिने उत्तर द्यावं म्हणून. प्रार्थना दिवसभर चालू होती, भाकरी थापताना, रजिस्टर भरताना, पण त्यात मागणं एकच होतं. प्रभू, मला तोंडघशी पाडू नकोस. लेकीला सांभाळ, असं मी त्यात किती वेळा म्हणाले, हे आठवायला गेलं की आजही लाज वाटते.

एवढं करून मी तिला धुण्याला बरोबर न्यायला लागले होते. ती पाण्यात उतरायची, गावातल्या बायका बघायच्या, आणि त्यांनी बघावं म्हणूनच मी तिला नेत होते.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी आम्ही पाण्यावर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चादर खळबळत होती. चादर तिच्या हातून सुटली आणि वाहायला लागली. मी ओरडले, लक्ष कुठे आहे तुझं? ती वळली नाही. उभी होती तशीच तोंडावर पाण्यात गेली. माझे पाय दगडाला चिकटल्यासारखे झाले. शेजारीण लुगड्यासकट पाण्यात शिरली, तिने पोरीचं डोकं वर धरलं आणि मला हाक मारली, तेव्हा कुठे मी हलले.

फिट थांबेना. नवरा नशिबाने घरी होता, त्याने तिला पिकअपमध्ये घातलं. नारायणगावपर्यंत ती दोनदा सैल पडली आणि दोनदा पुन्हा ताठ झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचता टोचता विचारलं, "गोळी रोज चालू आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

ते नर्सकडे वळून म्हणाले, की मग ही गोळी हिला लागू पडत नाही, सगळं औषधच बदलावं लागेल. त्यांनी लिहायला घेतलं. नवरा लेकीचे पाय धरून उभा होता. माझ्या एका शब्दावर माझ्या पोरीला भलतंच औषध जाणार होतं, आणि तरी तो शब्द मागे घ्यायला माझं तोंड उघडत नव्हतं. कागद अर्धा भरला.

"डॉक्टर," मी म्हणाले, "बंद केली होती. मीच. तीन आठवडे झाले."

डॉक्टरांनी कागद फाडला, दुसरा घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. काही वेळाने तिचं अंग शांत झालं. दोन दिवस आम्ही तिथे होतो. नवरा चहा आणायचा, डबा आणायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं व्हतं." त्या दोन दिवसांत मला प्रार्थना सुचलीच नाही. फक्त लेकीने पाणी मागितलं आणि घोट गिळला, तेव्हा मनात आलं, प्रभू, उपकार तुझे. ते ऐकायला कुणी नव्हतं, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याच्याशी खरं बोलले होते.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी उठले. म्हटलं, लेक अजून आजारी आहे, गोळ्या घेते आणि घेत राहील. मी माझा मान राखायला त्या बंद केल्या. देवाने तिला वाचवलं ते माझ्या शेजारणीच्या हातांनी. एरवी साक्ष संपली की सगळे आमेन म्हणतात. त्या दिवशी सतरंजीवरचं एकही माणूस हललं नाही. मग पाळकसाहेब एकटेच आमेन म्हणाले, आणि मी खाली बसले.

चर्चहून परतताना एसटीतून उतरून मी आणि लेक घरी चाललो होतो. दोन्ही बाजूंना कांदा लावलेला होता. ती बराच वेळ माझ्या मागून चालत होती. मग म्हणाली, "आई, पाण्यात पडले त्याच्या आधी पण मला दोनदा व्हायला लागलं व्हतं."

मी थांबले. काय झालं होतं विचारलं.

"हाताला मुंग्या आल्या. तोंड वढल्यावानी झालं. शाळेत. मी बाक धरून बसले, मंग गेलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू साक्ष दिली व्हती ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मी तिथेच कांद्याच्या बांधावर बसले आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीची माफी मागितली. रडू आवरत नव्हतं. ती माझी पिशवी हातात घेऊन शेजारी उभी राहिली. मग तिने माझा पदर ओढला.

"चल ना आई," ती म्हणाली, "गोळी घ्यायचीय."