रंगूबाईला ओळीत लावताना

तुमचं आयुष्य सांगा म्हटलं, तर तुम्ही खरंच जन्मतारखेपासून सुरुवात करता? मग आटपाडीकडच्या रंगूबाईवरच ही सक्ती का?

रंगूबाईनं जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोरेगावकडं यायची. खत मिळावं म्हणून शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. दरवर्षी तीच रानं. त्यामुळं तिला साल आठवत नाही, रान आठवतं.

आम्ही सातारा-सांगलीच्या कष्टकरी बायकांच्या आयुष्याचं पुस्तक काढतोय. मी तिचं बोलणं उतरवून घेतलं आणि वर शहाणपणा केला. जन्म, लग्न, पोरं, म्हातारपण असं ओळीत लावलं. वाचून दाखवलं, तर म्हणते, "क्रांते, ही बाई कोन गं?"

कानफटात बसल्यासारखं झालं! फाडलं सगळं. तिनं सांगितलं तसंच लिहिलं. कोरेगावचं एक रान. त्याच्या बांधावर साठीची रंगूबाई शेवटची मेंढी विकून रडतेय. पुढच्याच ओळीत ती आठ वर्षांची आहे, दगड घेऊन लांडग्यामागं धावतेय. आणि त्याच बांधावर, विशीत, बाळंत होतेय. एका बांधावर तीन रंगूबाई! अंगावर काटा आला राव.

पुस्तकाचे संपादक राजवर्धन सर. साताऱ्यात कॉलेजात उत्तराधुनिक कादंबरी शिकवतात. काळ तुटलेला, शेवट आधी, नायकाला एकच एक चेहरा नाही. नववी नापास असून मी त्यांच्या वर्गात मागं बसून हे सगळं ऐकलंय. आणि रंगूबाईला घेऊन पानं दाखवायला गेले, तर तेच सर म्हणतात, "म्हातारीचा गोंधळ होतोय, क्रांती. भित्री मुलगी हळूहळू धीट झाली, असा व्यक्तिरेखेचा विकास दिसू दे. सरळ कर, नाहीतर वगळावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "कादंबरीवाल्यानं केलं की प्रयोग, आणि रंगूबाईनं केलं की गोंधळ व्हय?"

शेजारी बसलेल्या रंगूबाईनं माझा हात दाबला. "थांब गं तापट. आवं सर, आठ वर्साची हुते तवा लांडग्याला भ्याले न्हाई. आन आज तुमचा जिना चढताना पाय लटपटत हुतं. माणूस काय ऊस हाय व्हय, पेरापेरानं वरच जायाला?"

सर हसले. लाल पेनाला टोपण लावलं. "मला पटलं, आजी. पण वाचकाला कळेल?"

"मग त्येलाच इचारा की!"

ठरलं! येत्या रविवारी सकाळी दहाला, कोरेगावच्या बाजारतळावर, रंगूबाई आपलं आयुष्य आपल्या क्रमानं सांगणार. ऐकणाऱ्यांना कळलं तर तसंच छापायचं. नाही कळलं, तर तिची पानं पुस्तकाबाहेर. सर समोरच बसणार आहेत. रंगूबाईनं मला चारदा फोन केला, "मानसं येतील का गं?"

तर या. मधेच "कुठल्या साली?" म्हणून तिला अडवू नका. शेवटपर्यंत ऐका, आणि बाई कळली असेल, तर सरांच्या तोंडावर मोठ्यानं सांगा.