मारेगावकडचं तळं: बुजवून जतन होण्याआधी पाहून घ्या

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फिरायला कुणी येत नाही. येतात ते अभ्यास करायला, आणि कापसाचं विचारून परत जातात. म्हणून २६ जानेवारीच्या सुट्टीत मीच निघालो. मारेगावजवळच्या एका गावात माझा शाळेतला मित्र हमीद सायकली आणि मोटारपंप दुरुस्त करतो. त्याच्या घरासमोरच्या तळ्यात थंडीत बाहेरदेशची बदकं उतरतात. "सरकार तळ्याचं जतन करून राह्यलं," तो फोनवर म्हणाला. "लवकर ये, नाही त काही उरनार नाही."

यवतमाळहून वणीची सकाळची एसटी करंजीमार्गे मारेगावला दोन-अडीच तासांत सोडते. डावीकडची खिडकी धरा, उजवीकडे ऊन येतं. करंजीला आलूबोंडा खा. रस्ता चांगला आहे, म्हणजे खड्डे आता ओळखीचे झालेत. मारेगावहून पुढे ऑटो. तो भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरला असं चालकाला सहसा वाटत नाही. वाटेतल्या घरांच्या पडव्यांत भावाची वाट पाहणारा कापूस छतापर्यंत रचलेला दिसतो. फोटो काढू नका, लोकांना कंटाळा आलाय.

तळं मोठं नाही. काठाला बेशरमाची झुडपं, चिखलात टिटव्या, मधोमध बदकं. मग हमीदने घराच्या भिंतीवरची मातीची रेघ दाखवली, कमरेच्या वर.

"नाल्याचं पानी आधी तळ्यात जाते. तळं भरलं का माह्या घरी येते. तळंच बुजवलं त सीधं माह्याच घरी."

बुजवणार कोण, ते शाळेच्या पटांगणात कळलं. झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. दारातच पोहे, चहा आणि सह्यांचं रजिस्टर. सगळे करत होते म्हणून मीही पोहे घेतले आणि सही केली. मग ग्रामसेवकांनी पूरनियंत्रण व पाणथळ संवर्धनाचा आराखडा वाचला. अर्ध्या तळ्यात मुरूम भरायचा, हे पूरनियंत्रण. त्यावर फरशी, बाक आणि सिमेंटचे दोन बगळे, हे संवर्धन. खऱ्या बगळ्यांचा तसाही भरवसा नसतो.

"पाखरायले बाक कायले पाह्यजे?" मागून एक आजी म्हणाली.

"पर्यटकांसाठी आहेत, आजी." ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहिलं. गावात पर्यटक म्हणून मी एकटाच होतो.

हमीद उठला. "साहेब, नाल्याचं पानी मंग कुठं जाईन?"

"ते पुढच्या टप्प्यात घेतलंय."

"पुढच्या टप्प्यात त माहं घर आहे."

लोक हसले. ग्रामसेवकांनी सह्या मोजल्या. बरोबर शंभर, गणपूर्ती झाली, ठराव सर्वानुमते मंजूर. शंभरात एक सही माझी होती. म्हणजे हमीदच्या घरात पाणी सोडायला मी यवतमाळहून तिकीट काढून आलो होतो.

उभा राहिलो. "साहेब, माझं नाव खोडा. मी या गावचा नाही."

"भाऊ, पोहे त खाल्ले ना तुम्ही?"

"खाल्ले. चांगले होते. नाव खोडा."

नाव खोडलं, सह्या नव्व्याण्णव उरल्या आणि सभा आठ दिवसांसाठी तहकूब झाली. हमीदच्या घरी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी जेवलो. वहिनींनी मला आग्रहाने दोनदा वाढलं, जणू मी तळंच वाचवलं होतं. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हे परतीच्या एसटीत शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. नियम करणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवलाय.

पुढच्या सभेला वीसेक माणसं होती. ठराव मंजूर झाला. मुरमाचे ट्रक सुरू झालेत आणि हमीद घराचा ओटा दोन फूट उचलून राह्यला. बदकं पाहायची असतील तर लवकर जा.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी लहानपणापासून एकच मागत आलोय, पाऊस दे. सारा जिल्हा तेच मागतो, कापसाला दुसरा आधार नाही. यंदा ते ओठांवर येतं आणि हमीदची भिंत आठवते. दिवा लावतो, आणि न मागताच उठतो.