एकाच नावाची गाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही — म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगवतंय.

आमचं घर देऊळघाटचं. माझे सासरे — मामाजी — गायन पार्टीत गायचे. भीमजयंतीला आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. मग घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी माझी धाकटी जाऊ सुनीता रोज त्यांच्यापुढे नवा प्लेअर धरून बसायची — खिशात मावणारा, रेकॉर्डिंगचं बटण असलेला. मामाजी गायचे, मध्येच थांबून नातवंडांशी बोलायचे, तेही ती भरून घ्यायची. भरलेलं परत लावून मात्र कुणी ऐकलं नव्हतं. मला नाही बोलावलं त्यांनी. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली घरात मी, आणि बटण दाबायला सुनीता. राग आला होता का? आला होता.

ऑपरेशननंतर त्यांचं सगळं बोलणं पाटीवर. एकदा त्यांनी माझ्यापुढे दोन प्लेअर ठेवले — एक जुना, कार्यक्रमांतल्या गाण्यांचा, आणि एक सुनीतानं भरलेला नवा. पाटीवर लिहिलं, ‘दोन्ही एकात भर. काही जाऊ देऊ नको.’

दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची. आपल्या मनानं गाण्यांना सारखीच नावं देणारी — रेक एक, रेक दोन, रेक तीन. जुन्यातली गाणी नव्यात टाकताना कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाच्या फाईली तिथं आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? मला वाटलं, नाव एक म्हणजे गाणंही एकच. सगळ्यांना हो म्हटलं. आधी ऐकून पाहावं, हे सुचलं नाही — की सुचलं आणि कंटाळा केला?

इथवर चूक होती. चूक सांगायला मी बसलेली नाही.

मामाजींनी प्लेअर कानाला लावला. ढोलकी, टाळ्या, माइकची शिट्टी — सगळी जुनीच गाणी. ते पुढं ढकलत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं काय झालंय ते. आणि तोंडातून निघालं, "यात काही नव्हतंच, मामाजी. सुनीतानं बटन दाबलंच नसन बराबर."

सुनीता चुलीपासून धावत आली. "दाबलं होतं हो ताई! लाल बत्ती लागली होती."

"बत्ती तर नुसतं चालू केलं तरी लागते," मी म्हणाले. लागत नाही. मला माहीत होतं.

ती रडली. मग हळूहळू तिलाच वाटायला लागलं, खरंच दाबलं नसेल. मामाजींच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागे घेतले.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? दीर म्हणाले, "चिखलीच्या दुकानात दाखवून पाहू. पुसलेलं वापस येते म्हणतात." येतं — वरून दुसरं काही भरलं नसेल तर. आणि ते परत आलं असतं, तर सुनीतानं नीट भरलं होतं हेही सगळ्यांना कळलं असतं. दुपारी ती कापूस वेचायला गेली आणि मी प्लेअर कॉम्प्युटरला लावला. लग्नाची, डीजेची, मिळतील ती गाणी भरत गेले — जागा नाही असं येईपर्यंत. मग ती पुसली, कुणाला दिसू नयेत म्हणून.

घाबरले होते, असं म्हणू? हात थरथरत नव्हते माझे. मामाजींचा आवाज मी मारला — आणि या वेळी समजून उमजून.

दुकानदारानं नाही म्हणून मान हलवली.

मामाजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. तोवर सुनीतासाठी त्यांनी पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही. ती ताट ठेवायची, ते भिंतीकडे बघत जेवायचे. मी शेजारीच बसलेली असायची.

परवा सुनीतानं नवा फोन घेतला. जुन्यातले लेकीचे फोटो नव्यात टाकायचे होते. दोन्ही फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हीच करा ताई. म्या हात लावला का जाते सगळं."

मी टाकून दिले. एकही फोटो गेला नाही. तिनं माझ्यासाठी चहा केला, आणि मी तो प्यायले.