तुपाशिवायची पंगत

“दूध, तूप, दही, ताक, लोणी, यातलं काही म्हणजे काहीच नको” हे वाक्य मी गेल्या वर्षभरात जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना वर माझी खोली बुक झाली असती. ऐकलं मात्र कोणी नाही. सगळे मान डोलवायचे. आमच्याकडं मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे इतकी वर्षं वऱ्हाडात काढूनही मला नव्यानं शिकावं लागलं.

अमरावतीला विद्यापीठाच्या आवारात मुलींच्या वसतिगृहाची मेस मी चालवते. माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, भाजीपाल्याचं. आमचे हात मेथी-पालकाच्या जुड्या बांधण्यात वाढले. मेसमध्ये माझ्या सोबतीला माझी मोठी जाऊ. तिनं इथल्याच एका वकिलांच्या घरी कित्येक वर्षं स्वयंपाक केला. हाताला अशी चव, की फोडणी घातली की वरच्या मजल्यावरच्या पोरी जिन्यात येतात. पण डोकं? बाप्पा! मालकीण मी, आणि मोठी ती, त्यामुळं मेसमध्ये शेवटचा शब्द कोणाचा हे सांगायला नको.

गेल्या वर्षी ॲडमिशन झाल्या तेव्हा एक मुलगी माझ्याकडं आली. एम.एस्सी.ला आलेली, मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली, अंगानं काडी. दुधाचा अंश जरी पोटात गेला तर ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो, असं तिनं जमिनीकडं बघत सांगितलं. जणू काही उसनं मागायला आली होती. तोवर ती खोलीत बसून चिवडा आणि केळी खाऊन दिवस काढत होती. मला इतकं वाईट वाटलं, की त्याच दिवशी मी तिच्यासाठी वेगळं पातेलं काढलं. कढई वेगळी, पळी वेगळी. आणि त्याला हात फक्त माझा. जावेला म्हटलं, ताई, याच्याकडं फिरकायचं नाही. तिनं मान डोलावली.

पहिले काही दिवस पोरगी आपलं ताट उचलून खोलीत जायची. मग हळूहळू बाकीच्यांसोबत टेबलावर बसायला लागली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तुरीचं घट्ट वरण. त्यात दूधतुपाचं काय काम आहे? काही नाही. एकदा तिनं तिसरी भाकर मागून घेतली, आणि खरं सांगते, मेस चालवायला लागल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. ही पोरगी इथं न भिता जेवावी आणि शिकून जावी, एवढंच माझ्या मनात होतं.

एवढ्यात विद्यापीठातल्या शहाण्यांना वनस्पतिजन्य आहाराचा शोध लागला.

मला मीटिंगला बोलावलं. समिती होती, बिसलेऱ्या होत्या. आठवड्यातून एक दिवस आवारात दूधतूप, अंडी काहीच नको, असं ठरलं होतं. मी म्हटलं, फारच छान, माझ्याकडं एक मुलगी रोज तसंच जेवते, मी सगळं करते. पण नाही. त्यांना सोयाबीनच्या दुधाचा चहा हवा होता, आणि नागपूरहून मागवलेलं टोफू. आता आमच्याकडं सोयाबीन पोत्यानं पिकतं, पण ते विकायचं पीक. त्याचा चहा करून पिणारा माणूस मी बघितला नव्हता. अंबाडी म्हटली तर एक सर म्हणाले, ते जरा गावठी वाटतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या सांभाळायच्या आम्ही! शेवटी भांडून भांडून भाकर, भरीत आणि डाळीचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात मंजूर करून घेतला. टोफू एका डब्यात तसंच पडून राहिलं, साबणाच्या वडीसारखं.

पहिला दिवस ठरला. पाहुणे येणार, फोटो निघणार. मी त्या मुलीला म्हटलं, आज तुझं वेगळं पातेलं नाही. आज सगळ्यांचं तेच तुझं. तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांच्या भांड्यातलं, ही गोष्ट तिच्यासाठी किती मोठी होती हे त्या समितीला कधीच कळणार नाही.

सकाळी मी जावेला विचारलं, तेल वापरलंस ना? हो. तूप कशातच नाही ना? नाही. भाताजवळ उभं राहून परत विचारलं. परत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर ती चिडली, “मी काय लहान हाओ का?” म्हटलं, जाऊ दे.

पंगत बसली. भाषणं झाली. पोरींनी भातावर फोडणीचं तेल घेतलं. ती मुलगी मधोमध बसली होती, हसत होती. थोड्या वेळानं तिनं घास खाली ठेवला आणि गळ्याला हात लावला. मी धावले. ओठ सुजायला लागले होते. गाडी गाडी म्हणून मी ओरडले, तर आवारातली गाडी पाहुण्यांसाठी उभी, आणि ड्रायव्हर म्हणतो, साहेब निघून राहिले. त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. मी आणि तिची मैत्रीण, दोघींनी तिला धरून फाटकाबाहेर नेलं, ऑटो अडवला आणि दवाखाना गाठला. इंजेक्शन दिल्यावर तिचा श्वास मोकळा झाला, तेव्हा मैत्रिणीला तिच्याजवळ बसवून मी मेसवर आले.

आल्या आल्या जावेसमोर उभी राहिले. काय घातलं होतंस, खरं सांग. ती खरंच गोंधळली होती. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला कळतो. तो तसा नव्हता.

“काईच नाई घातलं वं,” ती म्हणाली. “भात उतरवल्यावर शुद्धीचं तेवढं थेंबभर सोडलं. ते काय खायचं तूप असते?”

मी कपाळाला हात लावला. वकिलांच्या घरी ती शिकली होती, की अन्नावर तुपाचा थेंब पडला की ते शुद्ध होतं. त्याशिवाय पानच पूर्ण होत नाही. पाहुणे जेवायला येणार, आणि अन्न अशुद्ध वाढायचं? तिच्या हिशोबी ते तूप नव्हतंच. मी तिला तूप विचारत होते, आणि ती इमानदारीनं नाही सांगत होती. आता अशा माणसावर ओरडायचं तरी काय? तरी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. ती डोळ्याला पदर लावून म्हणत राहिली, पोरीचं वाईट व्हावं असं मी कावून करीन? करणार नव्हतीच. तेच तर दुखत होतं.

समितीचा वेगळाच ताप. त्यांचं म्हणणं, गोळाभात पचायला जड, म्हणून त्रास झाला. पुढच्या वेळी टोफूच ठेवा. थेंबाचं मी सांगितलं तर म्हणाले, एवढ्याशानं कोणाला काही होत नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तेही दवाखान्यात कोणी फिरकलं नसताना.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. साधे, गरीब स्वभावाचे. मला हात जोडून म्हणाले, लय केलं तुमी, पण तिले बाहेरचं सोसत नाई. घरी तिची माय चार दिवस दूधतूप खाऊ घालीन, ताजी होईन. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मी समजवायला गेले, तर त्यांनी मान डोलावली.

पोरगी आपल्या खोलीत पलंगावर बसून होती. उठली नाही.

“बाबा, मी येत नाई,” ती म्हणाली. “घरी असं झालं का माय म्हणते, झोप जराशी. इथं काकू दवाखान्यात तरी नेतात.”

बापानं उचललेली तिची पिशवी परत तिच्या पायाशी ठेवली. आणि एकटाच निघून गेला. ती राहिली, याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला मात्र भयंकर राग आला. जावेचा, समितीचा, त्या ड्रायव्हरचा, तिच्या न पाहिलेल्या मायचा. दवाखान्यात नेणं एवढ्यावर एका पोरीनं समाधान मानावं?

मी तिच्या शेजारी बसले. उद्यापासून तुझं पुन्हा वेगळं शिजवते, कोणाला जवळसुद्धा येऊ देत नाही, असं म्हटलं. तिनं माझा हात धरला.

“काकू, तुमी रागावू नका,” ती म्हणाली. “उद्यापासून माझी भाकर मीच करून घेत जाईन.”