मुराळ्याची वाट

माझ्या सासरच्या गावामागे एक डोंगर आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली, नाशिकच्या शाळेत मी भूगोल शिकवते, फळ्यावर समोच्च रेषा काढून डोंगर कसा ओळखायचा ते दरवर्षी पोरांना सांगते, आणि या डोंगरावर मी एकदाही गेले नव्हते. सुट्टीला गावी यायचं, कांद्याच्या वाफ्यांवरून एक चक्कर मारायची, जेवायचं आणि परत निघायचं. डोंगर आपला मागे उभा. तो चढायची वेळ आली ती सासूबाईंमुळे, आणि तीही भांडणातून.

सासूबाईंचं माहेर डोंगराच्या बरोबर पलीकडे. अलीकडे आमचा कांदा, पलीकडे त्यांची द्राक्षं. डोंगराला वळसा घालून सडकेनं गेलं तर गाडीला पाऊण तास लागतो. पूर्वी त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामा, त्यांना न्यायला यायचे ते पायी, डोंगर ओलांडून. सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय माहेरी पाऊल टाकायचं नाही, हा सासूबाईंचा नेम. मामा एकटे डोंगरावरून यायचे आणि जाताना बहिणीला बैलगाडीत बसवून सडकेनं न्यायचे. त्यामुळे ती वाट सासूबाईंनी कधी पायाखाली घातलीच नव्हती. दिवाळीला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्या सकाळपासून डोंगराकडे डोळे लावून बसायच्या. मामा दारात आले की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी पहिलं वाक्य ठरलेलं, "लय उशीर केलास." हे त्या स्वतःच हसत सांगतात.

पुढे मामा मोटारसायकलवर यायला लागले, नंतर मुलाच्या गाडीत बसून. पण यायचे स्वतः. दोन वर्षांपूर्वी त्यांना दम्यानं धरलं आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच केलं. त्या दिवाळीला त्यांचा मुलगा एकटाच आत्याला न्यायला आला. सासूबाईंनी त्याला फराळ वाढला, चहा दिला, आणि तसाच परत पाठवला. भाऊ आला तर येईन म्हणाल्या. मामा तरी कुठे कमी? जरा बरं वाटलं की मीच येतो, तोवर कोणी मध्ये पडू नका, असा त्यांचा निरोप. दोन दिवाळ्या गेल्या, मधली आखाजी गेली. फोनवर रोज बोलणं, पण गाठ नाही. आणि त्या फोनमधून मामांचा श्वास दर महिन्याला थोडा जास्त लागलेला ऐकू यायचा.

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माघातल्या एका शनिवारी गावी मी भाकरी थापता थापता बोलून गेले, की दोघं म्हातारे हट्टाला पेटलात, उद्या मामांचं काही बरंवाईट झालं तर हा नेम काय उशाला घेऊन झोपणार आहात? सासूबाई उठून बाहेर गेल्या. रात्री जेवल्याही अर्धवट. मला वाईट वाटलं, पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

सकाळी उठते तर त्या अंगणात तयार. माझ्या मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट पायात, कासोटा घट्ट, खांद्याला कापडी पिशवी. डोंगरावरून दादाचं घर दिसत असेल ना, त्यांनी विचारलं. दिसायला हवं, मी म्हटलं. मग नुसतं बघून येऊ, म्हणाल्या. माहेरी जायचं नाही, फक्त बघायचं. म्हणजे नेमही मोडत नाही. नाशिकला नवऱ्याला कळवलं तर त्यानं त्यांच्या गुडघ्यांची आठवण करून दिली, पण कालच्या बोलण्याचं ओझं माझ्या डोक्यावर होतं, त्यामुळे मी गाडीची किल्ली उचलली. मामांना फोनवर सांगितलं तर ते लहान पोरासारखे खूष झाले. म्हणाले, ओळखायला सोपं जावं म्हणून गच्चीवर लाल साडी बांधतो.

पायथ्याच्या मारुतीपाशी गाडी लावली आणि निघालो. पिशवी घ्यायला मी हात पुढे केला तर त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर टाकली. आत भाकरी असेल, असू दे म्हटलं.

ऊन कोवळं होतं. वाळलेल्या गवतातून वाट वर जात होती आणि दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. पळस नुकता फुलायला लागला होता. मला राहवेना, मी शिकवायला सुरुवात केली. हा सगळा डोंगर म्हणजे लाव्हारसाचे थर, एकावर एक, म्हणून या पायऱ्यांसारख्या कडा दिसतात. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मी शाळेत पोरांना इतकंच भरभर सांगते का.

तासाभरानं वाटेला फाटा फुटला. मी भूगोलाची बाई, मी छातीठोकपणे डावीकडची रुंद वाट धरली. सासूबाई जागच्या हलेनात. ती गुरांची वाट, म्हणाल्या, उजवीकडं एक बसका दगड असेल, त्याच्या वर सावरीचं झाड, तिथून पुढं पाण्याचं टाकं. त्या याआधी इथे आलेल्या नाहीत हे मला ठाऊक होतं. शंभर पावलं उजवीकडे गेलो तर बसका दगड. वर सावर, एक पान नाही, नुसती लाल फुलं. मामा इथे बसून गूळ-शेंगदाणे खायचे. इतक्या वर्षांत दारात येऊन त्यांनी वाटेची जी जी हकीकत सांगितली होती, ती सासूबाईंच्या डोक्यात जशीच्या तशी होती. मी गुपचूप त्यांच्या मागे चालायला लागले. टाकं आलं, त्यात हिरवं पाणी होतं आणि काठावर एक टिटवी आमच्यावर ओरडत होती. मी फार खुशीत होते, खरंच सांगते. शाळा, तपासायचे पेपर, कशाचीच आठवण नव्हती.

माथ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. वारा सुटला होता. एका बाजूला आमचं गाव, कांद्याचे हिरवे चौकोन. सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या थेट पलीकडच्या कडेला गेल्या आणि डोळ्यांवर हात धरून खाली बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहरा पडला होता.

खाली बघितलं आणि मला हसू आवरेना. द्राक्षं पिकायची वेळ. घडांना ऊन लागू नये, पाखरं येऊ नयेत म्हणून तिकडे लोक बागांना चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधतात. अख्खं शिवार साड्यांनी वेढलेलं होतं. लाल, जांभळी, पिवळी, परत लाल. घरांच्या बाजूला बाग, बागांच्या मध्ये घरं, आणि सगळीकडे साड्या वाऱ्यावर हलत होत्या. त्यात मामांची एक लाल साडी.

सासूबाईंनी फोन लावला. कोणती साडी म्हणून विचारलं. लालच, मामा म्हणाले, गच्चीवर, दिसत नाही का? इथून शंभर लाल दिसताहेत, हे ऐकल्यावर ते हसायला लागले आणि हसता हसता खोकला लागला. ते स्वतः रोज त्या साड्यांमध्येच राहतात, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि सासूबाईंच्या तरी कुठे? दरवर्षी आमच्या घरातल्या जुन्या साड्यांचं गाठोडं मामांच्या बागेसाठी त्याच पाठवतात. खोकला बराच वेळ थांबेना. सासूबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. मग त्यांनी तो बंद केला.

भाकरी खाऊन परत फिरू, मी म्हटलं आणि पिशवी उघडली. वर भाकरी होती. त्याखाली मेथीच्या लाडवांचा डबा, आणि डब्याखाली घडी केलेलं एक लुगडं नि टॉवेल. मी त्यांच्याकडे बघितलं.

"असू द्यावं म्हणलं जवळ," त्या म्हणाल्या.

"आणि नेम?"

"मुराळी ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं चालले ना मी. गाडीत बसून थोडीच चालले?"

 मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, की गाडी डोंगराच्या अलीकडे राहील आणि आम्ही पलीकडे. तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.

पलीकडची उतरण मात्र अवघड निघाली. आमच्या बाजूनं डोंगर पायरीपायरीनं चढतो, इकडे सरळ घसरडा मुरूम. काही ठिकाणी आम्ही दोघी बसून उतरलो.  एका ठिकाणी सासूबाई झुडपाला धरून थांबल्या आणि वर, आम्ही आलो त्या कड्याकडे बघत राहिल्या.

"हे चढून यायचा दादा," त्या म्हणाल्या. "आन् मी पाणी द्यायच्या आधी त्याला बोलायची."

डोळे पुसले आणि पुन्हा उतरायला लागल्या. मी त्यांचा हात धरला तो खालपर्यंत सोडला नाही.

खाली पोचल्यावर कोणता बाग मामांचा हे विचारावं लागलं नाही. बांधावर एक मोरपंखी साडी फडफडत होती, काठाला ठिगळ लावलेली. ते ठिगळ सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्यांनी साडीला हात लावून पाहिलं, तिच्या कडेनं वळल्या, आणि पुढे अंगण.

मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, डोंगराकडे तोंड करून. आम्ही फोन ठेवला तेव्हापासून ते असेच बसलेत, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. आम्ही येणार हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. खूप बारीक झाले होते. त्यांनी आधी बहिणीच्या पायातले बूट पाहिले, मातीनं भरलेले. मग डोंगराकडे पाहिलं. मग श्वास जमवून म्हणाले,

"लय उशीर केलास."

सासूबाई हो म्हणाल्या. खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मामांनी खुर्चीखाली हात घातला. तिथे पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.