सुनंदाभोवतीची उजेडाची कडा

खरे तर इथे लिहिण्याचा माझा अधिकार नाही. लेखनाची सवय नाही, तेव्हा आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. भिवंडीतल्या कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. फोटोग्राफीचा नाद निवृत्तीनंतरचा.

माझी पत्नी सुनंदा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरीच असते. संध्याकाळी गच्चीवर, तिची पाठ उन्हाकडे येईल अशी मी तिला फोटोसाठी खुर्चीत बसवतो. मागे कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची काळपट भिंत आणि भिंतीवरून तिरपे ऊन... फोटोत केसांभोवती, खांद्यांवर सोनेरी कडा उमटते.

"तोंड मात्र काळं येतं माझं," ती म्हणायची. "आधार कार्डावर लावू या."

एका शुक्रवारी कडा फिकी आली. मी स्वतःला समजावले – आज लूम बंद, हवेत कापसाचे तंतू नाहीत. एरवी तेच केसांवर बसून चमकतात. शनिवारी लूम सुरू झाले. कडा आणखी फिकी. मग रोज थोडी कमीच.

शेवटी शेजारच्या नसीमभाभींना त्याच खुर्चीत बसवले.

"हिरोईनसारखा काढा हां, सर. हमारे मियाँ पहचानने नहीं चाहिए."

त्यांच्या ओढणीचा धागान् धागा उजळला. लगेच सुनंदाला बसवले. तेच ऊन, तीच सेटिंग. डोळ्यांना तिचे केस झळकताना दिसत होते. फोटोत मात्र डाव्या कानापाशी नखाएवढा उजेड, बाकी ती भिंतीच्या काळोखात मिसळलेली. लेन्स बदलली, मोबाइलने काढून पाहिले... तेच.

घाबरून तिला डॉक्टरांकडे नेले. "रिपोर्ट उत्तम आहेत," ते म्हणाले. "सर, तुम्हीच जरा झोप घ्या."

मी कॅमेरा कपाटात ठेवला. पण तिने फोटो पाहिले होते.

"भाभींच्या भोवती आहे. माझ्या का नाही हो?"

मी लेन्सचे काहीतरी कारण सांगू लागलो.

"एकदाच काढा," ती म्हणाली. "काय ते कळू दे मला."

कडा विझताना कॅमेऱ्याला नुसती दिसते, की प्रत्येक फोटोगणिक मीच ती विझवत आलो – हे मला ठरवता येत नाही. काढला आणि कानापाशीचा तो ठिपकाही नसला, तर तिला काय दाखवू? न काढावा, तर ती न काढण्याचा अर्थ लावत बसेल.

आत्ता ती वर खुर्चीत बसली आहे; ऊन भिंतीशी आले आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर फोटो काढला असता का?