बिनड्रायव्हरच्या रेल्वेचा मार्ग बघायला जीपने: ठाणे ते कल्याण

ठाण्याहून कल्याणला जायला दोन दिवस लागतात. हसू नका, मी स्वतः गेलेले म्हणून सांगते. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, वाहन जीप, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि एवढं करून मी कल्याणला पोचले नाहीच.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी वागळे इस्टेटमधल्या एका सल्लागार कंपनीत मराठी टायपिस्ट होते. ऑफिस पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या माडीवर. खाली मशीन सुरू झालं की वर माझ्या टेबलावरचा चहा थरथरायचा. अशा जागेत बसून आम्ही काय करत होतो? तर ठाणे ते कल्याण, खांबांवरून, आपोआप धावणारी रेल्वे! आमचे साहेब नुकतेच परदेशात जाऊन आलेले. तिथल्या एका लहानशा शहरात अशी गाडी सुरू झाली होती आणि तिला ड्रायव्हरच नव्हता. "अहो, आपल्या ठाण्याएवढंच गाव!" हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. त्या गावात खड्डेही ठाण्याएवढेच आहेत का, असं विचारायचं फार मनात यायचं, पण माझी नोकरी कच्ची होती.

या मार्गाची पाहणी होणार म्हणून एक नोटीस निघाली. स्टेन्सिल मीच कापलं, सायक्लोस्टाइलच्या प्रती गावोगाव चिकटल्या, आणि आठवड्याभरात एका बुधवारी डोंबिवलीहून माझ्या मावशीचं आंतर्देशीय पत्र आलं.

मावशी डोंबिवली पूर्वेला एका चाळीत एकटी राहायची. काका गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करून तिने संसार चालवलेला. त्या दोन खोल्या, शिवणाचं मशीन आणि दारासमोर गप्पा मारायला शेजारणी, एवढंच तिचं जग. पत्रात होतं: "चि. नंदास अनेक आशीर्वाद. तुमच्या ऑफिसच्या नोटिशीप्रमाणे आमची चाळ जाणार. एक एजंट आत्ता खोली सोडणाऱ्यांना बदलापूरला जागा देतो आहे. मागाहून तेवढंही मिळणार नाही म्हणतो. शनिवारी सही करायची आहे. तू काय म्हणतेस ते कळव."

मी काय म्हणणार? मी म्हटलं, मावशीला आता वाचताही येईना की काय! नोटीस मी टाइप केलेली, चाळीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. फक्त डोंबिवलीत मार्गाची रेघ नक्की कुठून जाते हे मला माहीत नव्हतं. नकाशा साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात.

गुरुवार-शुक्रवार पाहणीचा दौरा ठरलेला. लोक काय बोलतात ते मराठीत उतरवून घ्यायला कुणीतरी हवं होतं. आधी मी नको म्हटलेलं, आता स्वतःहून तयार झाले. शुक्रवारी साहेबांनाच मावशीच्या दारात उभं करायचं, त्यांच्या तोंडून खरं काय ते वदवायचं, म्हणजे शनिवारची सही टळेल. आई म्हणाली, "अगं, आजच जाऊन ये की डोंबिवलीला."

"परवा ऑफिसच्या जीपने जातेय ना," मी म्हटलं. तोऱ्यात.

गुरुवारी सकाळी निघालो. पुढे साहेब, मागे मी, वही, शाईचं पॅड आणि लोकांचे अर्ज आले तर मारायला 'आवक'चा गोल शिक्का. जीप चालवायला म्हात्रे, कळव्याकडचा, तोंडाने फटकळ, हाताने सफाईदार. ड्रायव्हर कसा निरुपयोगी प्राणी आहे हे त्याने पुढचे दोन दिवस ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकलं.

पहिला थांबा चेंदणी कोळीवाडा. (आज जाणार असाल तर गाडी लांब लावा आणि चालत जा. गल्ल्या अरुंद आहेत.) साहेबांनी बॉनेटवर परदेशी रंगीत पुस्तिका पसरली. निवट्यांची, म्हणजे खाडीतल्या मासळीची, पाटी घेऊन बसलेल्या एका कोळणीने त्यातला गुळगुळीत डबा नीट पाहिला आणि विचारलं, "खांब खाडीत टाकनार? मंग आमच्या होऱ्या कनशी जातीन?"

होडी कुठून जाणार, या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. साहेब म्हणाले, "बाई, गाडी वरून जाईल. आपोआप! चालवायला माणूसच नको."

"आमची होरीपन आपोआपच जाते, वारा असला का," ती म्हणाली. "तरी सुकानावर मानूस बसतोच ना?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, प्रतिसाद उत्साहवर्धक." मी लिहिलं.

कळव्याच्या पुलावर तासभर गेला, कारण साहेबांना तिथली वाहनं मोजायची होती आणि मोजायला उभी केलेली आमची जीपच बाकीच्यांना अडवत होती. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी, मध्ये चिमूटभर रस्ता. तिथे स्टेशन बसतं का ते टेपने मोजून झालं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं म्हात्रेच्या.

"साहेब, या गाडीचे टायर कशाचे?" म्हात्रेने विचारलं.

"रबराचे. म्हणून तर आवाज नाही."

"मग पंक्चर कोन काढनार?"

साहेबांनी टेप गुंडाळला.

दुपारी शीळफाट्याला एका ढाब्यावर डाल, रोटी, कांदा. तिघांचं मिळून चाळीस रुपयेही झाले नाहीत, आणि तशी डाल मी नंतर कुठे खाल्ली नाही. साहेबांचं भाषण शेजारच्या बाजेवरच्या ट्रकवाल्यांनी ऐकलं. त्यातला एक खरंच काळजीत पडला. "वाटेत कुणी आडवं आलं तर शिवी कोण देणार?"

"यंत्र आपोआप थांबेल."

"थांबेल हो. पण शिवी?"

चार वाजत आले. शीळफाट्यापासून डोंबिवली अर्ध्या तासावर. मी चाचरत म्हटलं, "साहेब, एवढं आलोय तर डोंबिवली करून टाकू या का?"

"कार्यक्रमपत्रिकेत डोंबिवली उद्या आहे," साहेब म्हणाले. कार्यक्रमपत्रिका मीच टाइप केलेली, त्यामुळे वाद घालता येईना. शनिवारला अजून अवकाश होता. जीप ठाण्याकडे वळली आणि मी घरी येऊन पोटभर जेवले.

शुक्रवारी परत तोच रस्ता, तेच खड्डे, म्हात्रेची आता त्यांच्याशी ओळख झालेली. शीळफाट्याहून पुढे भातखाचरं, वीटभट्ट्या, मधूनच एखादा गोठा. मग कारखान्यांचा तो वास येतो आणि पाटी वाचायच्या आधी नाकाला डोंबिवली कळते. मानपाड्याला चहा-वडा झाला आणि साहेबांनी अखेर नकाशा काढला. मी मान वाकडी करकरून पाहिलं. रेघ शीळ रस्त्याने सरळ कल्याणकडे गेलेली. डोंबिवलीच्या गावात शिरलेलीच नाही! मावशीची चाळ तिच्यापासून चांगली दीड-दोन किलोमीटर लांब.

देवाशप्पथ, मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. "माझ्या मावशीकडे गरम थालीपीठ मिळेल," मी साहेबांना म्हटलं. एवढ्यावर कार्यक्रमपत्रिका बदलली.

चाळीच्या अंगणात नळाशेजारच्या भिंतीवर आमची नोटीस चिकटवलेली. जीप बघून पंधरा-वीस माणसं जमली. गंमत म्हणजे इथे ड्रायव्हरबद्दल कुणीच काही विचारेना. मी पुढारपण घेतलं. "कुणीही घाबरू नका. चाळ कुठेही जात नाही. हे साहेब स्वतः सांगतील."

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. "सांगतील. पण कागद काय सांगतो ते आधी वाचा की बाई."

मी वाचलं. मोठ्याने, ठसक्यात. "सदर उन्नत मार्ग संपूर्णपणे चालविरहित करण्यात येईल."

"टाइप करणारांना ल आणि ळ यांतला फरक कळत नाही," मास्तर सगळ्यांना म्हणाले. "जन्मभर मुलांच्या वह्यांत मी हेच दुरुस्त केलं. चालविरहित म्हणजे चाळविरहित. मार्गात एक चाळ ठेवणार नाहीत."

मी ती ओळ पुन्हा वाचली. चालकविरहित. मधला क माझ्या हातून सुटला होता. मिनिटाला चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, घरी फ्रेम करून लावलेलं. आणि मास्तरांनी असलेली चूक तशीच ठेवून नसलेली सुधारली होती. अख्ख्या चाळीला त्यांची विद्वत्ता पटली होती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "इथे क हवा होता. ड्रायव्हर नसलेली गाडी, एवढंच म्हणायचं होतं. तुमच्या चाळीचा काही संबंध नाही." बॉलपेन काढून मी भिंतीवरच्या नोटिशीत तो क घुसवला.

"शिक्का?" मास्तरांनी विचारलं.

मी 'आवक'चा शिक्का मारला. त्याचा अर्थ मास्तरांना नक्की कळत होता, पण शिक्का गोल होता, शाई जांभळी होती. चाळीचं समाधान झालं.

साहेबांचं मात्र झालं नाही. "असं परस्पर दुरुस्त करता येत नाही हो. शुद्धिपत्रक काढावं लागतं. त्याला मंजुरी लागते."

इतक्यात मावशी दारात आली. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नंदे, काल का नाही गं आलीस?"

एजंट कालच आला होता. ठाण्याहून पाहणीची जीप निघाली, आता शनिवारपर्यंत थांबलात तर हातचं गेलं, म्हणाला. बाकीचे बघू-बघू करत राहिले. मावशीने सही केली. किती वाजता, मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. पाच, सव्वापाच.

मला तिथेच रडू फुटलं. मावशी म्हणाली, "रडतेस काय! आत ये. साहेबांना दही चालतं का विचार." साहेबांना चालत होतं. त्यांनी दोन थालीपीठं खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, "चला, कल्याण राहिलंय."

म्हात्रे जागचा हलला नाही. "साहेब, तुमी रिक्षाने व्हा फुडं. मी या दोघींना एजंटकडं नेतो."

"जीप ऑफिसची आहे, म्हात्रे."

"हो ना. पन ती आपोआप चालत नाय."

साहेब रिक्षाने गेले. आम्ही एजंटच्या ऑफिसात. तिथे पंखा होता, गणपतीचा फोटो होता आणि समोर मावशीच्या सहीचा स्टॅम्पपेपर. मी चूक समजावली, हात जोडले. म्हात्रेने आवाज चढवूनही पाहिला. एजंटने सगळं शांतपणे ऐकलं. "ताई, नोटीस तुमच्या ऑफिसची. चूक तुमची. बाईंनी सही राजीखुशीने केली. यात माझं काय चुकलं ते सांगा." आम्ही मावशीला चाळीत सोडलं. परत येताना म्हात्रेने वाटेत कुठेही गाडी थांबवली नाही आणि आमच्या दारात उतरवताना म्हणाला, "जेवून घ्या, ताई."

सोमवारी शुद्धिपत्रक टाइप केलं. पाचदा तपासलं. ते मंजुरीला गेलं, आणि मंजुरी यायच्या आत वरून निरोप आला की या मार्गाला तूर्त पैसा नाही, प्रकल्प बंद. बंद प्रकल्पाची नोटीस सुधारायची गरज नसते, असं साहेब म्हणाले. फाइल कपाटात गेली. पुढच्या काही वर्षांत चाळीतले बाकीचेही एकेक करून निघाले आणि त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. आमच्या त्या सगळ्या प्रकल्पातून झालेलं बांधकाम म्हणाल तर तेवढंच. आता शीळ रस्त्यावर खरोखरच मेट्रोचे खांब दिसू लागलेत. जा, बघून या. वड्याच्या गाड्या अजून आहेत.

त्या प्रवासाचं माझ्याकडे काय राहिलं म्हणाल, तर मावशीच्या सामान हलवायच्या दिवसाचं बोलणं. टेम्पोत शिवणाचं मशीन चढलं होतं. शेजारणी डोळे पुसत होत्या, मावशी मात्र गाठोडी मोजत होती. इतके दिवस दाबून ठेवलेलं मी शेवटी विचारलंच. "सगळे थांबले होते ना गं? मग तूच एकटीने का घाई केलीस?"

"सगळ्यांना शंका होती," ती म्हणाली. "कागद खरा की खोटा, कुणी खोडसाळपणा केलाय का. मी जाऊन नीट पाहिला. टाइप करणाऱ्याच्या नावाची अक्षरं असतात ना खाली कोपऱ्यात, बारीक? तुझी होती. मी म्हटलं, आपल्या नंदीने टाइप केलंय, मग खोटं कसं असेल."